मूठभर धान्य आणि मुलाचा हक्क

(साताऱ्यातील एका स्मृती-व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर जन्मभर शाळामास्तर राहिले. पहिल्या तासाला पेंगणाऱ्या मुलाला रागावण्याआधी ते विचारत, ‘सकाळी काय खाऊन आलास?’ त्यांच्या नावाने बोलायचे ठरल्यावर मुलांच्या भुकेखेरीज दुसरा विषय माझ्या मनात आला नाही. मी लहान मुलांची डॉक्टर आहे. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलांच्या आजाराचे मूळ ताटात असते आणि औषधाच्या चिठ्ठीवर ते लिहिता येत नाही.

आपल्या समाजाला भुकेल्या मुलाची दया येते. धान्य गोळा होते, वाढदिवसाला आश्रमशाळेत जेवण दिले जाते, गणेशोत्सवात मंडळे शिधा वाटतात. या दयेबद्दल मला आदर आहे. आज तिच्याकडून मला थोडे जास्त मागायचे आहे. लोकांनी गोळा केलेल्या अन्नाने या देशात मोठी कामे सुरू झाली आहेत. पण त्यांतली तीच कामे टिकली, जी दानाच्या पायरीवर थांबली नाहीत, पुढे चढून मुलाचा हक्क झाली. आणि हक्क कागदावर आल्यानंतरही समाजाचे काम संपत नाही, ते बदलते. एवढेच मला मांडायचे आहे.

साताऱ्यात हा विषय काढला की धनिणीच्या बागेतल्या बोर्डिंगपासून सुरुवात करावी लागते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यात आली, वसतिगृह सुरू झाले आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी मुले तिथे एकत्र राहत, आळीपाळीने स्वयंपाक करत आणि एकाच पंगतीत जेवत. त्या काळात हे किती अवघड होते ते आपण जाणता. पण भाऊरावांपुढचा रोजचा प्रश्न याहून साधा होता: आज संध्याकाळी या मुलांना खायला काय घालायचे?

मुष्टिफंड त्या प्रश्नातून आला. घरातल्या बाईने दळायला बसताना एक मूठ धान्य वेगळ्या मडक्यात टाकायचे, मडके भरले की ते बोर्डिंगच्या मुलांसाठी द्यायचे. ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. त्या काळच्या शेतकरी घरात पैसा पुरुषाच्या हातात असे. जमीन त्याच्या नावावर, बाजारही त्यानेच करायचा. बाईच्या हातात काय होते? जाते आणि दळायला घेतलेले धान्य. तिला कुणाची परवानगी न घेता जे देता येईल तेच भाऊरावांनी तिच्याकडे मागितले. दुसरे असे की एक मूठ द्यायला श्रीमंत असावे लागत नाही. ज्या घरातली मुले स्वतः अर्धपोटी होती, त्या घरांनीही दिले. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. पाटलाच्या घरची मूठ आणि मांगवाड्यातली मूठ एकाच पोत्यात पडली की कुठले दाणे कुणाचे हे कुणालाच सांगता येत नाही. भाकरी खाणाऱ्या मुलाला कुणाही एकासमोर मान खाली घालावी लागत नाही.

आणि मुठी पुरल्या नाहीत तेव्हा काय झाले, तेही या गावाला ठाऊक आहे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मुलांच्या पोटासाठी दिले. एकदा कोठीत काहीच उरले नव्हते, तेव्हा मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या गेल्या. लक्ष्मीबाईंचा त्याग आपण नेहमी डोळ्यांत पाणी आणून सांगतो. माझ्या मनात मात्र त्याच वेळी दुसराही विचार येतो. मुलांचे जेवण एका बाईच्या मंगळसूत्रावर अवलंबून राहावे, ही वेळ समाजाने तिच्यावर का आणली? ज्या दिवशी मुठी कमी पडतात त्या दिवशी मुलांनी काय खायचे, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःपुरता सोडवला. आपल्याला तो सगळ्यांसाठी सोडवायचा आहे.

मुष्टिफंडाचे वेगळेपण कळायला त्याच काळातली दुसरी पद्धत शेजारी ठेवून पाहावी. पुण्यासारख्या शहरांत गरीब विद्यार्थी माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत. सोमवारी एकाचे घर, मंगळवारी दुसऱ्याचे. त्या अन्नावर अनेक मोठी माणसे शिकली आणि ते ऋण त्यांनी आदराने सांगितले. मीही ते नाकारणार नाही. परंतु त्या पद्धतीत मुलाला रोज एका विशिष्ट दारात उभे राहावे लागे. त्या घरातल्या माणसांची मर्जी, त्या दिवशीचा त्यांचा मूड, पानात दुसऱ्यांदा वाढताना होणारा उशीर, हे सगळे त्याला भाकरीबरोबर गिळावे लागे. आणि मुळात बहुतेक दारे ब्राह्मण मुलांपुरतीच उघडी होती. महारवाड्यातल्या मुलाला कुणाकडे वार लावता येणार होता? भाऊरावांनी दाता आणि मूल यांच्यामध्ये एक समाईक कोठी आणली आणि दोन्ही अडचणी एकदम दूर केल्या.

याच्याही मागे पन्नास वर्षे जाऊ. १८७६-७७ चा दुष्काळ. दख्खनमध्ये पाऊस फिरला, जनावरे मेली, माणसे गावे सोडून चालू लागली, तान्ही आणि अडनिडी मुले मागे पडू लागली. सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला अशा मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम उघडला. १७ मे १८७७ रोजी जोतीराव फुल्यांनी त्यासाठी मदतीचे जाहीर आवाहन काढले. त्याच उन्हाळ्यात सावित्रीबाई जुन्नर भागात काम करत होत्या. एप्रिल १८७७ मधल्या त्यांच्या पत्रात दुष्काळाने गांजलेल्या माणसांची आणि सत्यशोधक कार्यकर्त्यांच्या धडपडीची हकीगत आहे. सरकार कधी काय करील याची वाट न पाहता त्यांनी मुलांना जेवू घातले.

त्याच काळात पुण्यात दुसरेही एक काम चालू होते आणि ते आपल्या बोलण्यात फार कमी येते. सार्वजनिक सभा १८७० मध्ये स्थापन झाली होती. दुष्काळ पडताच गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका आणि त्यांचे सहकारी माहिती गोळा करू लागले. सभेची माणसे तालुक्या-तालुक्यांत गेली. पीक किती बुडाले, धान्याचे भाव काय, दुष्काळी कामावर किती माणसे आहेत, किती मेली, हे लिहून घेऊन सभेने ते सरकारपुढे मांडले. १८७७ च्या सुरुवातीला सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने दुष्काळी कामांवरची मजुरी कापली गेली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला साधारण एक पौंड धान्य आणि वर एक आणा. हजारो मजुरांनी ती कामे सोडली आणि सभेने त्यांची बाजू मांडली.

एकीकडे धनकवडीची चूल, दुसरीकडे सभेची वही. या दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या, विचारही बऱ्याच बाबतींत वेगळे होते. पण भुकेविरुद्धच्या लढाईला या दोन्ही गोष्टी लागतात. नुसती चूल पेटवली तर आजचे मूल जगते, पण उद्या तसेच दुसरे मूल दारात येते. नुसती वही भरली तर अहवाल तयार होतो आणि तोवर मूल दगावलेले असते. आपण आज चुली बऱ्याच पेटवतो. वही मात्र बाजूला ठेवली आहे.

आता मी माझ्या व्यवसायाकडे वळते, कारण मुलाची भूक आणि मोठ्याची भूक या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मोठा माणूस आठवडाभर अर्धपोटी राहिला तर अशक्त होतो आणि चांगले खायला मिळाले की सावरतो. मुलाचे तसे नाही. गर्भात नऊ महिने आणि त्यानंतरची दोन वर्षे, असे साधारण एक हजार दिवस मुलाच्या मेंदूची आणि हाडांची बांधणी होत असते. त्या दिवसांत जे कमी पडते ते पुढे पूर्ण भरून निघत नाही. वर्षभराच्या मुलाचे पोट लहान. एका वेळी ते फार थोडे खाते, म्हणून त्याला आईच्या दुधाबरोबर दिवसातून तीन-चार वेळा भरवावे लागते. त्या थोड्या घासांत तेल-तूप हवे, डाळ हवी, अंडे किंवा मासळी हवी, पालेभाजी हवी. नुसत्या पातळ पेजेने पोट भरते, पण मूल वाढत नाही. अशी मुले रडत नाहीत, भीक मागत नाहीत. गप्प बसून राहतात. आई सांगते, ‘खूप शांत आहे हो बाळ.’ त्या शांतपणाचीच मला भीती वाटते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली, ३६.१ टक्के कमी वजनाची आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने रोडावलेली. रोडावलेल्या मुलांचे देशाचे प्रमाण १९.३ टक्के आहे. म्हणजे देशातले एक श्रीमंत राज्य म्हणवणारे आपण या बाबतीत देशाच्याही मागे आहोत. त्याच सर्वेक्षणात, सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले देशभरात जेमतेम अकरा टक्के निघाली. हे चित्र केवळ मेळघाटचे किंवा मोखाड्याचे नाही. तिथली मुले दगावल्याच्या बातम्या १९९० च्या दशकात आल्या तेव्हा महाराष्ट्र हादरला होता. पण शहरांतल्या वस्त्यांत, ऊसपट्ट्यात, आपल्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईच्या घरातही हीच मुले आहेत.

आता आपण दानात काय देतो ते पाहू. तांदूळ, साखर, बिस्किटांचे पुडे, लग्नातला उरलेला मसालेभात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला तेव्हा गावोगावच्या बायकांनी रात्री जागून भाकऱ्या भाजल्या आणि टेंपो भरभरून पाठवल्या. माणसे त्या भाकरीवर तगली. पण आठ महिन्यांच्या बाळाला भाकरी चावत नाही आणि बिस्किटात त्याला हवे ते नसते. कुणी दयेपोटी दुधाच्या पावडरीचे डबे आणतो. पाणी गढूळ, बाटली उकळायला सरपण नाही, आणि फुकटची पावडर मिळाल्यावर आईचे अंगावर पाजणे कमी होते. बाळाला जुलाब लागतात. म्हणूनच आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींची जाहिरात करायला आणि त्या फुकट वाटायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. चांगल्या मनाने दिलेले अन्नही मुलाला इजा करू शकते, हे दात्याने समजून घ्यायला हवे.

विचार करून दिलेले अन्न कसे असते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. साठी ओलांडलेल्या श्रोत्यांना १९७२ ची सुकडी आठवत असेल. पीठ, गूळ आणि स्निग्ध पदार्थ यांची ती कोरडी, गोड भुकटी दुष्काळी कामांवर आणि शाळांतून वाटली जाई. ती शिजवावी लागत नव्हती, लवकर खराब होत नव्हती, आणि मुलांच्या छोट्या पोटात भरपूर ताकद जात होती. आजही माणसे तिची चव सांगतात. आपल्या गावात धान्य गोळा करायचेच असेल तर तांदळाच्या दहा पोत्यांऐवजी शेंगदाणे, तूरडाळ, तेल, गूळ, नाचणी मागा. ताजी अंडी रोज पोहोचवता येत असतील तर त्याहून चांगले काहीच नाही.

पण कितीही चांगले अन्न गोळा केले तरी दानाला एक मर्यादा आहे: ते देणाऱ्याच्या सवडीने येते आणि भूक मात्र रोज लागते. गणपतीत शाळेला चार जेवणे मिळतात आणि जूनमध्ये, घरातले धान्य संपलेले असते तेव्हा, एकही नाही. शिवाय दान रस्त्याच्या कडेच्या शाळेत जाते. डोंगरावरच्या वाडीत गाडी जात नाही. ही मर्यादा कशी ओलांडायची ते तामिळनाडूने दाखवले.

कामराज मुख्यमंत्री झाले ते १९५४ मध्ये. त्यांची स्वतःची शाळा लहानपणीच सुटली होती. खेड्यात शाळा उघडली तरी मुले का येत नाहीत, याचे उत्तर त्यांना कुणी सांगावे लागले नाही. शिक्षण संचालक सुंदरवडिवेलू यांनी गावोगाव लोकांच्या सभा घेतल्या आणि शाळेसाठी मदत मागितली. लोकांनी इमारती दिल्या, फळे दिले, आणि मुलांच्या दुपारच्या जेवणासाठी धान्य दिले. तिथली चूल पेटली ती आपल्या मुष्टिफंडासारखीच, गावाच्या हाताने. मग १९५६ मध्ये सरकार पुढे आले आणि कवी भारतींच्या जन्मगावी, एट्टयपुरम येथे, या योजनेची सुरुवात झाली. एका जेवणाचा खर्च साधारण दहा पैसे धरला जाई. त्यातले सहा सरकारचे, चार गावाचे.

ती व्यवस्था तिथेच थांबली असती तर गरीब गावांतल्या चुली विझल्या असत्या, कारण जिथे भूक जास्त तिथेच गावाचा वाटा उभा राहणे अवघड. पुढे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी, ज्यांचे स्वतःचे बालपण उपासमारीत गेले होते, १ जुलै १९८२ पासून योजना फार मोठी केली आणि तिचा भार सरकारने उचलला. पुढच्या सरकारांनी तिच्यात अंडी आणली. सप्टेंबर २०२२ पासून सरकारी शाळांत सकाळची न्याहारीही सुरू झाली. एकमेकांचे कट्टर विरोधक असलेले पक्ष तिथे आळीपाळीने सत्तेवर आले. मुलांचे ताट मात्र कुणीच मागे घेतले नाही. घेऊ शकले नाही, कारण तोवर लोकांना ते ताट आपल्या मुलांचे वाटू लागले होते, कुणाच्या मेहेरबानीचे नव्हे.

देशात हा टप्पा २००१ मध्ये आला. राजस्थानात दुष्काळ होता आणि अन्न महामंडळाची गोदामे ओसंडून वाहत होती. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाचे कोठार लोकांसाठी उघडले, ही कथा आपण शतकानुशतके कीर्तनात ऐकतो. कोठारातले धान्य अखेर भुकेल्याचे आहे, हा तिचा गाभा. २००१ मध्ये तेच न्यायालयात कायद्याच्या भाषेत मांडले गेले. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने प्रत्येक सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळेत किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले शिजवलेले जेवण वर्षातून निदान २०० दिवस देणे बंधनकारक झाले. त्याआधी आपल्याकडे मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ मिळे. तो घरी जाई आणि घरातल्या सगळ्यांत वाटला जाई, ते साहजिकच होते. शिजवलेले अन्न शाळेतच मुलाच्या पोटात जाऊ लागले. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचा आहार हा हक्क झाला. अंगणवाडीत किंवा शाळेत तो मिळाला नाही तर त्याबदल्यात अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूदही त्या कायद्यात आहे.

मग आता समाजाने काय करायचे? आपला मार्ग पुन्हा उलट दिशेने, हक्काकडून दानाकडे, जाणार नाही, याकडे आधी लक्ष ठेवायचे. महाराष्ट्राने २०२३ च्या अखेरीस शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू केले. जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयाने अंडे आणि गोड पदार्थ यांसाठीचा निधी थांबला. द्यायचे असेल तर शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून पैसा उभा करावा, असे ठरले. लोकसहभाग हा शब्द मला प्रिय आहे. साताऱ्याचा इतिहासच लोकसहभागाचा आहे. पण भाऊरावांनी मूठ मागितली तेव्हा मुलांचे जेवण हा हक्क नव्हता. आज सरकारने द्यायची वस्तू गावाकडून मागितली जात असेल तर ज्या गावात देणारा आहे तिथल्या मुलाला अंडे मिळेल आणि ज्या गावात सगळेच गरीब आहेत तिथल्या मुलाला मिळणार नाही. जिथे अंड्याची सर्वांत जास्त गरज, तिथेच ते जाणार नाही. आपण आपल्या शाळेसाठी अंडी जरूर द्यावीत. पण देताना ग्रामसभेत ठरावही करावा की हे आम्ही तात्पुरते देत आहोत, हा खर्च राज्याचा आहे आणि तो पुन्हा सुरू करावा. ठरावाशिवाय दिलेले अंडे सरकारला मोकळे करते.

दुसरे, देण्याची रीत. शाळेत स्नेहभोजन देण्याची चांगली प्रथा आता रुजते आहे. वाढदिवस, पुण्यतिथी, नोकरी लागल्याचा आनंद, अशा निमित्ताने माणसे मुलांना जेवू घालतात. माझी एवढीच विनंती आहे की फलक लावू नका, मुलांना रांगेत उभे करून फोटो काढू नका, त्यांच्याकडून आभाराची गाणी म्हणवून घेऊ नका. पंगतीत मुलांच्या शेजारी बसा, त्यांच्याच पातेल्यातले खा. शिक्षकांना आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंना सोबत बसवा. या ताईंचे मानधन २०२३ मध्ये महिन्याला १५०० वरून २५०० रुपये झाले. धुरात शेकडो मुलांची खिचडी शिजवणाऱ्या बाईला आपण किती कमी देतो याचा विचार त्या पंगतीत बसल्यावर आपोआप सुचतो.

तिसरे, आणि आज मला सगळ्यांत कळकळीने सांगायचे ते. दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यात कारखान्यांची धुरांडी पेटतात. बीड, जालना, परभणी, नगर या भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात आणि कारखान्याच्या अवतीभोवती, फडाच्या कडेला त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. आई पहाटे तीन-चारला उठून भाकऱ्या थापते आणि फडात जाते. तान्हे बाळ सोबत असते, उसाच्या बांधावर साडीच्या झोळीत. दोन वर्षांचे मूल पाच-सहा वर्षांच्या बहिणीच्या स्वाधीन. दिवसभर ते शिळ्या भाकरीच्या तुकड्यावर असते. या मुलाचे नाव त्याच्या गावच्या अंगणवाडीत आहे आणि मूल इथे आहे. तिथल्या वहीत ते गैरहजर, इथल्या वहीत त्याची नोंदच नाही. हजार दिवसांतले सहा महिने असे जातात, पुढच्या वर्षी पुन्हा सहा महिने.

सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सांगितले आहे की अंगणवाडीची सेवा सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला मिळाली पाहिजे आणि ज्या वस्तीत अशी चाळीस मुले असूनही अंगणवाडी नाही, त्या वस्तीने मागितल्यापासून तीन महिन्यांत ती सुरू झाली पाहिजे. कोप्यांच्या मोठ्या तळावर चाळीस मुले असणे मुळीच अवघड नाही. मग मागायचे कुणी? ती माणसे मागणार नाहीत. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, डोक्यावर घेऊन ती आलेली असतात, इथे त्यांचे मत नाही, इथल्या ग्रामसभेत त्यांना बोलता येत नाही. मागावे आपणच लागेल, कारण आपल्या उसाची साखर त्यांच्या हातून होते.

म्हणून आजच्या सभेतून एक काम ठरवून उठू या. या हंगामात कारखान्याचे गाळप सुरू झाले की पहिल्या आठवड्यात आपल्या गावाच्या हद्दीतल्या तळावर जायचे आणि सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचे नाव, वय आणि मूळ गाव लिहून घ्यायचे. अंगणवाडी सेविकेला आणि आशाताईला सोबत न्यायचे. त्यांच्याकडे दंडाचा घेर मोजायची पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली भरला, पट्टी लाल रंगावर आली, तर ते मूल तीव्र कुपोषित आहे. त्याला धान्याच्या पिशवीची नव्हे, दवाखान्याची आणि पोषण पुनर्वसन केंद्राची गरज आहे आणि ती त्याच दिवशी. बाकीच्या मुलांची यादी जवळच्या अंगणवाडीत नोंदवून घ्यायची. जागा नाही, पुरवठा नाही असे उत्तर आले तर ते लेखी मागायचे आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे न्यायचे. आणि ती नोंदणी होईपर्यंतच्या काळात, रोज, न चुकता, त्या तळावर एक वेळचे मुलांचे अन्न आपल्या गावाने पोहोचवायचे. मऊ खिचडी, वर तेल, एक अंडे. घरे वाटून घेतली तर महिन्यातून एका घराचा वाटा एकदा येईल. हा आजच्या काळातला मुष्टिफंड आहे आणि तो तात्पुरता असायला हवा. शासनाची अंगणवाडी तळावर पोहोचली की तो थांबवायचा आणि तीच माणसे अंगणवाडी रोज उघडते का, आहार पुरेसा येतो का, ते पाहायला लागायची.

कुणी म्हणेल, हे सरकारचे काम आहे, आपण का करायचे? कुणी म्हणेल, आपण जेवण देतोच, सरकारदरबारी खेटे कशाला घालायचे? मला दोघांनाही एकच सांगायचे आहे. मुलाची वाढ सरकारच्या फायलीसाठी थांबत नाही, म्हणून आज जेवण आपण द्यायचे. आणि आपला उत्साह सहा महिन्यांहून जास्त टिकत नाही, म्हणून उद्याची जबाबदारी सरकारवर कायद्याने बांधायची. ज्याने यातले एकच केले त्याने अर्धे काम केले. फुले दांपत्याने चूल पेटवली, सार्वजनिक काकांनी वही भरली. आपल्याकडे त्यांच्यापेक्षा किती जास्त आहे! कायदा आहे, न्यायालयाचे आदेश आहेत, गावोगावी अंगणवाड्या आहेत, शाळांत चुली आहेत, खिशात फोन आहे. १८७७ मध्ये यातले काहीही नव्हते.

व्याख्यानमालेचे संयोजक इथे आहेत, कारखान्याचे संचालक आहेत, सरपंच आहेत, शिक्षक आहेत. पुढच्या वर्षी याच व्यासपीठावर दुसरा वक्ता येईल, त्याचा विषय दुसरा असेल. त्याच्या व्याख्यानाआधी दहा मिनिटे काढावीत आणि या तालुक्यातल्या प्रत्येक तळाची यादी इथे वाचून दाखवावी: किती मुले आली, किती नोंदली गेली, किती लाल पट्टीतून बाहेर आली आणि कुठल्या तळावर अजून अंगणवाडी नाही. आकडे चांगले असोत वा वाईट, ते सरांच्या नावाने चालणाऱ्या या सभेत उघड वाचले जावेत. ‘सकाळी काय खाऊन आलास?’ हा प्रश्न सर मुलाला विचारत. आता तो आपण स्वतःला, कारखान्याला आणि शासनाला विचारायचा आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायचा आहे.